बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी

दाविदाच्या चरित्रातील एक लहानसा प्रसंग शब्बाथशाळेतील मुलांना फार आवडतो. दावीद अदुल्लामच्या गुहेत आहे. त्याचे स्वतःचे गाव बेथलेहेम, तेथे पलिष्ट्यांचे ठाणे बसले आहे. दिवस कापणीचे. तहानेच्या भरात त्याच्या तोंडून सहज निघते की, गावच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी कोणी आणून पाजले तर किती बरे होईल! तीन वीर ते ऐकतात, शत्रूची फळी फोडून जातात आणि पाणी घेऊन परत येतात. दावीद ते पीत नाही. तो ते परमेश्वरापुढे ओततो (२ शमुवेल २३:१३–१७).

मुलांना वीरांचे धाडस आवडते, आणि ते योग्यच आहे. परंतु मोठ्यांनी दाविदाने पाणी का ओतले ह्याचाही विचार करावा. आपल्याच गावची विहीर, पण वाट शत्रूच्या हाती, अशा गुहेत आजही पुष्कळ माणसे बसलेली आहेत. इराण देशातून बाहेर गेलेल्या लोकांची गोष्ट त्यासाठी पाहण्यासारखी आहे.

जर्मनी, कॅनडा, तुर्कस्तान अशा देशांत शिकणारी व नोकरी करणारी इराणी माणसे पुष्कळ. त्यांचे आईवडील तेहरानला किंवा शिराझला. घरची मिळकत, बँकेतील पैसे, न्यायालयाच्या नोटिसा, दाखले हे सारे आता तेथील संगणकांत असते. आर्थिक निर्बंधांमुळे परदेशी कंपन्यांची कार्डे इराणात चालत नाहीत. २००२ साली सुरू झालेल्या ‘शताब’ नावाच्या देशी जाळ्यावर तेथील बँकांची कार्डे चालतात. म्हणून घरच्या खात्यातून आईच्या औषधाचे पैसे द्यायचे असतील, तर घरच्या बँकेचेच दार ठोठवावे लागते. दुसरी वाट जवळजवळ नाही.

आता हे दार कसे बंद होते ते पाहू. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो. पत्रावरचा टपालाचा शिक्का पाहून जसे पत्र कोणत्या गावाहून आले ते कळते, तसे ह्या क्रमांकावरून मागणी कोणत्या देशातून आली ते कळते. इराणातील पुष्कळ संकेतस्थळे देशातील क्रमांकालाच दार उघडतात. शिवाय तेथील सरकारने देशापुरते एक वेगळे माहितीजाळे उभारले आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात इंधनाच्या दरवाढीवरून लोक रस्त्यावर आले, तेव्हा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध सुमारे आठवडाभर जवळजवळ पूर्ण तोडण्यात आला, पण देशातल्या देशात बँकांचे व्यवहार चालू राहिले. २०२२ च्या सप्टेंबरनंतर आणि २०२५ च्या जून महिन्यातील युद्धाच्या दिवसांतही अशीच तोडातोड झाली. म्हणजे विहीर आटलेली नसते. गावातले लोक पाणी भरत असतात. फक्त बाहेर गेलेल्या लेकराची वाट अडलेली असते.

अशा वेळी बाहेरचा मनुष्य काय करतो? घरी असलेल्या भावाला सांगतो की, तुझा संगणक चालू ठेव, मी माझी मागणी त्याच्यामधून पाठवतो. मग बँकेला वाटते की, तेहरानमधूनच कोणी दार ठोठवीत आहे. बाहेरची वाट अगदी अरुंद झाली असेल, तर भावाला त्यासाठी व्हीपीएनसारखे बंदीचे साधन शोधावे लागते. तेही जमले नाही, तर बहिणीचा परवलीचा शब्द घेऊन भाऊ स्वतःच तिच्या नावाने काम उरकतो.

येथे श्रद्धावंत मनुष्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो. हे असत्य आहे काय? मी बर्लिनमध्ये आहे आणि माझे यंत्र सांगते की मी तेहरानात आहे. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा तर आपण लहानपणीच पाठ केली आहे.

ह्यावर विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, एक नाव आणि दुसरे दार. बाहेरची मुलगी आपल्याच खात्यात आपल्याच नावाने आणि आपल्याच परवलीच्या शब्दाने जाते. ती कोण आहे ह्याविषयी बँकेची फसवणूक होत नाही, आणि कोणाचा पैसा बुडत नाही. ती फक्त नेहमीच्या दाराऐवजी भावाच्या दाराने येते. पौलासाठी दिमिष्काच्या वेशींवर रात्रंदिवस पहारा होता, तेव्हा शिष्यांनी त्याला टोपलीतून गावकुसाखाली उतरवले (प्रे. कृत्ये ९:२३–२५). वेशीतून गेला नाही म्हणून पौलाला कोणी लबाड म्हणत नाही. परंतु तिच्या नावाने दुसरा कोणी सही करतो, तेव्हा गोष्ट दाराची न राहता नावाची होते, आणि तेथे आपण अधिक जपून चालले पाहिजे. आज भाऊ तिच्या सांगण्यावरून सही करतो. उद्या तिला न विचारता करील, आणि मग दोघांतील विश्वासच नाहीसा होईल.

अधिकाऱ्यांच्या आज्ञेचे काय, असेही कोणी विचारील. रोमकरांस पत्र, अध्याय १३ आपण विसरू नये. पण मुलाने आईच्या औषधाचे पैसे देऊ नयेत अशी इच्छा बहुधा त्या अधिकाऱ्यांचीही नसते. दार लावताना त्यांनी ह्या मुलाचा विचारच केलेला नसतो. आईबापांचा सन्मान करण्याची आज्ञा आणि एक सरसकट बंदी ह्यांत निवड करावी लागली, तर विवेक कोणीकडे झुकेल हे सांगावयास नको.

इतके मान्य केले तरी काम संपत नाही. बहुतेक जण ह्या पहिल्या प्रश्नापाशीच थांबतात, आणि आपण खोटे बोललो नाही एवढे ठरले की निश्चिंत होतात. दाविदापुढे मात्र खऱ्याखोट्याचा प्रश्नच नव्हता. विहीर त्याच्या गावची होती, पाणी चोरीचे नव्हते. त्याने विचारले ते निराळेच. ह्या भांड्यात कोणाचे रक्त आहे?

इराणात परवान्याशिवाय व्हीपीएन वापरण्यास मनाई करणारा ठराव २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाला. उपग्रहाशी थेट जोडणारे यंत्र परवान्याशिवाय वापरणे हेही तेथे बेकायदा आहे. २०२५ च्या युद्धानंतर शत्रूशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून पुष्कळांना अटक झाली. अशा दिवसांत ज्या घरातून परदेशाकडे वाट जाते, त्या घराकडे संशयाने पाहिले जाते. बर्लिनमधील बहिणीच्या दारावर कोणी येणार नाही. आले तर तेहरानमधील भावाच्या दारावर येतील. सोय एकाची आणि जोखीम दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे.

शास्त्रातील आणखी एक बारकावा येथे उपयोगी पडतो. दाविदाने वीरांना आज्ञा केली नव्हती. त्याने फक्त इच्छा बोलून दाखवली. पण सरदाराची इच्छा ही शिपायाच्या कानाला आज्ञाच वाटते. आपल्या घरांतही असेच आहे. परदेशी असलेला थोरला भाऊ घरी पैसे पाठवतो, त्यावर धाकट्याचे शिक्षण चालते. थोरला म्हणतो, “जमलं तर बघ हं, नाहीतर राहू दे.” धाकट्याला त्यातले ‘राहू दे’ ऐकू येत नाही. ज्याच्या हातचे आपण खातो त्याला नाही म्हणणे कठीण असते. म्हणून मी बळजबरी केली नाही, एवढे म्हणून थोरल्याची सुटका होत नाही. त्याला नाही म्हणता यावे, अशी जागा त्याने स्वतःहून करून दिली पाहिजे.

मग बाहेरच्याने घरच्यांकडे काही मागूच नये काय? असेही म्हणता येणार नाही. ते पाणी तहानेने मरणाऱ्या मनुष्यासाठी आणलेले असते आणि दाविदाने ते मातीत ओतले असते, तर ते पाप झाले असते. घरची माणसे लहान मुले नाहीत. प्रेमाने धोका पत्करण्याचा त्यांनाही अधिकार आहे. त्यांना काही न विचारता आपणच त्यांच्या वतीने ‘नको’ ठरवून टाकणे ह्यातही एक प्रकारचा गर्व आहे. म्हणून बाहेरच्याने आधी आपली तहान तपासावी. आईचे औषध ही गरज आहे. घराचा सौदा ह्याच आठवड्यात उरकणे ही बहुधा इच्छा असते, आणि ती महिनाभर थांबू शकते. गरज खरी असेल तर धोका काय आहे तो स्पष्ट शब्दांत सांगावा, लपवू नये. आणि भावाने नाही म्हटले, तर पुढच्या महिन्याच्या पैशांत किंवा आपल्या बोलण्यात त्याची सावली पडू देऊ नये.

ह्याच इराणच्या गोष्टीत उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. २०२२ च्या सप्टेंबरात तेथील लोकांची बाहेरची वाट अडली, तेव्हा ‘स्नोफ्लेक’ नावाचे साधन वापरून निरनिराळ्या देशांतील सामान्य माणसांनी आपल्या इंटरनेटची थोडी वाट त्या अनोळखी लोकांसाठी मोकळी केली. त्यांना त्यातून काही मिळाले नाही, आणि त्यांची जोखीमही फारशी नव्हती. पण ओझे कोणीकडून कोणीकडे गेले ते पाहा. संकटात असलेल्याच्या खांद्यावरून ते सुरक्षित असलेल्याच्या खांद्यावर आले. एकमेकांची ओझी वाहा, असे गलतीकरांस पत्रात सांगितले आहे, त्याची दिशा हीच असावी असे मला वाटते.

ही गोष्ट दूर देशाची म्हणून सोडून देऊ नये. आपल्या देशातही ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये इंटरनेट बंद झाले, आणि वेगवान मोबाईल सेवा पूर्ववत सुरू व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. अनिश्चित काळासाठी इंटरनेट बंद ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितले. तरीही मे २०२३ पासून मणिपूरने तेच दुःख अनेक महिने सोसले. त्या राज्यांची मुलेही परदेशी होती, आणि त्यांच्याही घरी म्हातारे आईवडील होते.

आणि गोवा, बेळगाव, हैदराबाद, वडोदरे येथील आपल्या मंडळ्यांत असे घर क्वचितच असेल की ज्यातील कोणी आखातात किंवा विलायतेत नाही. तेथून रात्री फोन येतो, “आई, मोबाईलवर आलेला आकडा सांग.” आई चष्मा शोधते आणि आकडा वाचून दाखवते. धोका इराणइतका नाही हे खरे. पण उद्या काही बिघडले तर विचारणा आईला होणार, आणि फोनवर आकडा सांगण्याची सवय लागलेली आई परक्याच्या फोनलाही तसाच आकडा सांगून बसेल. सवड असतानाच रीतसर मुखत्यारपत्र करून ठेवले, किंवा बँकेत जाऊन व्यवहाराचा अधिकार विश्वासू माणसाला लेखी दिला, तर आईवरचा हा भार उतरतो. वाट उघडी असतानाच ही तजवीज करावी. ती बंद झाल्यावर उरतो तो फक्त कोणाचा तरी जीव.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी पुढच्या वेळी हा धडा घेताना मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा. दाविदाने पाणी ओतले तेव्हा त्या तिघांना वाईट वाटले असेल काय? माझ्या मते क्षणभर वाटले असेल. पण मग त्यांच्या ध्यानात आले असेल की, आपल्या जिवाची किंमत आपल्या सरदाराला आपल्यापेक्षा अधिक कळते. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांविषयी त्यांच्या घरच्यांना असेच वाटावे, अशी आपण प्रार्थना करू.