असरच्या दोन वेळा

रोहे, पेण किंवा मुरूडच्या मशिदीत कोकणी मुसलमान नमाजाला उभा राहतो तेव्हा रुकूत जाताना, म्हणजे कमरेत वाकताना, दोन्ही हात पुन्हा उचलतो आणि फातिहा संपल्यावर 'आमीन' मोठ्याने म्हणतो. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांत कामाला आलेला उत्तरेकडचा मजूर त्याच सफेत, म्हणजे रांगेत, खांद्याला खांदा लावून उभा असतो. तो हात उचलत नाही, 'आमीन' मनातल्या मनात म्हणतो. पहिला शाफई परंपरेचा, दुसरा हनफी. असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, वेळसुद्धा वेगळी. माध्यान्हीची मूळ सावली वगळून वस्तूची सावली वस्तूएवढी झाली की शाफईंची असर सुरू होते. हनफींच्या रूढ मताप्रमाणे सावली दुप्पट व्हावी लागते. कुराण तेच, पैगंबर तेच. तरी कोणी कोणाला पाखंडी म्हणत नाही.

हा फरक नमाजापुरता नाही. प्रौढ कुमारिकेच्या निकाहाला शाफई परंपरेत वली, म्हणजे बहुधा वडील, लागतोच. हनफी परंपरेत ती स्वतः निकाह करू शकते. 1864 साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केले की शाफई घरातली वयात आलेली मुलगी हनफी परंपरा स्वीकारू शकते आणि मग वडिलांच्या संमतीवाचून झालेला तिचा निकाहही वैध ठरतो. म्हणजे शरियतच्या चौकटीतच एका मुलीला वाट सापडली.

रोहे-पेणच्याच जिल्ह्यातल्या माथेरानला 1899 मध्ये जन्मलेले असफ अली असगर फैजी या वस्तुस्थितीचा अर्थ शेवटपर्यंत नेणारे विचारवंत होते. ते सुलेमानी बोहरा, म्हणजे इस्माइली पंथाचे. मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य, पुढे इजिप्तमध्ये भारताचे राजदूत. फातिमी काळातला काझी नुमानचा 'दआइम अल्-इस्लाम' हा इस्माइली कायद्याचा ग्रंथ त्यांनी संपादित केला. इतक्या जुन्या पोथ्यांत वावरलेल्या माणसानेच 1963 च्या 'अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम'मध्ये धर्म आणि कायदा वेगळे करा, असे सांगितले. श्रद्धा टिकते, कायदा काळाबरोबर बदलतो. परंपरा ठाऊक नसलेल्याचे हे बंड नव्हते, म्हणूनच मला ते अधिक मोलाचे वाटते.

मराठीत मुस्लिम सुधारणेचा विषय निघाला की हमीद दलवाईंपाशी सुरू होतो आणि बहुतेकदा तिथेच संपतो. दलवाईंचे मोठेपण निर्विवाद आहे. 1966 साली सात स्त्रियांना घेऊन विधानभवनावर मोर्चा नेणे आणि 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभे करणे यासाठी लागणारे धैर्य फैजींच्या अभ्यासिकेत नव्हते. फैजी इंग्रजीत लिहीत राहिले, वकील आणि न्यायाधीश ते वाचत राहिले. मोहल्ल्यात ते पोचलेच नाहीत. पण दलवाईंचे ऐकायला श्रद्धाळू माणूस तयार नसतो, तिथे फैजींचा युक्तिवाद चालतो, कारण त्याचा पुरावा मशिदीतल्या सफेतच उभा आहे. शाफई, हनफी धरून सुन्नींच्या चार परंपरा एकाच वेळी योग्य असतील, तर फिक्ह, म्हणजे इस्लामी कायदाशास्त्र, ही माणसांनी लावलेल्या अर्थांची बेरीज आहे, आणि अर्थ लावायचा हक्क कुठल्या एका शतकापाशी संपला असे कुराण म्हणत नाही.

शरियतच्या चौकटीतली अशी एक वाट आजही खुली आहे. निकाहनाम्यात ठरावीक परिस्थितीत तलाकचा अधिकार पत्नीकडे सोपवणारी अट घालता येते. तफवीज म्हणतात तिला, आणि भारतीय न्यायालयांनी ती मानलेली आहे. त्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही. रोह्याच्या किंवा पेणच्या जमातीने छापील निकाहनाम्यात ती ओळ घातली, मेहेरच्या रकमेखालीच, तर सुरुवात उद्याच्या निकाहापासून होऊ शकते.