टंच कोण तपासणार?

"आत्या, गेट परीक्षेचा अभ्यास चालूच आहे. अर्ज कुठे टाकायचा, तेवढं ठरत नाही," भाची म्हणाली. तिचं संगणक अभियांत्रिकीचं शेवटचं वर्ष. घर मूळचं विट्याकडचं. खानापूर-आटपाडीची गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळत देशभर गेली, तसा माझा भाऊ जयपूरच्या जौहरी बाजारात स्थिरावला. मुलीपुढे वाटा दोन. एक लष्कराची तांत्रिक शाखा, म्हणजे पाच दिवसांची एसएसबी निवड-मुलाखत आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशन. दुसरी गुप्तवार्ता विभागाची, आयबीची. तिथल्या तांत्रिक पदांसाठी गेटचे गुण धरतात.

मी वकील, माझा कल स्पष्ट होता. "लष्करात जा. तिथे 1950चा आर्मी अ‍ॅक्ट आहे, हुकूम कुणी दिला ते ठाऊक असतं. आयबी कुठल्या कायद्याने स्थापन झाली, दाखव मला. संसदेने 1985 साली गुप्तचर संस्थांसाठी एक कायदा केला, तोही तिथल्या कर्मचाऱ्यांचे हक्क आखडणारा. संघटना करायची नाही, वर्तमानपत्राशी बोलायचं नाही."

"आणि लष्करात बोलता येतं? घटनेचं कलम 33 दोघांनाही लागू आहे, तूच शिकवलंस."

"लष्कर सीमेपलीकडचं ऐकतं. आयबी आपल्याच माणसांचं ऐकते. माझ्या लेखी फरक तो आहे."

"13 मे 2008 ला जयपुरात बॉम्ब सायकलींवर ठेवले होते, आत्या. सीमेपलीकडून कुणी तोफा डागल्या नव्हत्या."

यावर लगेच काय बोलणार? तो मंगळवार होता, हनुमानाच्या देवळांत गर्दी होती. जौहरी बाजार, त्रिपोलिया, चांदपोल असे परकोट्याच्या आत एकामागून एक स्फोट झाले आणि साठाहून अधिक माणसं गेली. ती तेव्हा लहान होती, पण त्या गल्लीत वाढलेल्या मुलांना ही तारीख सांगावी लागत नाही. "कुणाला तरी आधी कळायला हवं होतं," ती म्हणाली. "ते कळण्याचं काम मला करायचंय."

"मग पुढचंही बघ. 2019 च्या डिसेंबरात विशेष न्यायालयाने चौघांना फाशी सुनावली. 29 मार्च 2023 ला उच्च न्यायालयाने चौघांनाही सोडलं, आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांचीच चौकशी करायला सांगितली. जिवंत सापडलेल्या बॉम्बच्या वेगळ्या खटल्यात 2025 च्या एप्रिलमध्ये चौघांना जन्मठेप झाली. इतक्या वर्षांनी त्या कुटुंबांनी नेमकं काय खरं मानायचं?"

"तपास कच्चा होता. म्हणून तर पक्कं काम करणारी माणसं हवीत."

"कच्चा होता हे कळलं कसं? कागद कोर्टात उघडे पडले म्हणून. तुझ्या बाबांच्या दुकानात सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धतेचा कस, काढला आणि तो पटला नाही, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. उच्च न्यायालय हे ते दुसरं दुकान होतं. तू दिलेलं नाव ज्या फायलीत जाईल, ती घेऊन माणूस कुठल्या दुकानात जाणार?"

"फोन टॅपिंगला नियम आहेत ना?"

आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या पीयूसीएल निकालातून ते आले. पण आदेश गृहसचिव देतात आणि फेरतपासणी कॅबिनेट सचिवांची समिती करते. न्यायाधीश त्यात कुठेच नाही. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तरी ही रचना बदलली नाही. मला हे मनापासून खुपतं आणि ते मी तिच्यापासून लपवलं नाही.

ती बराच वेळ विचार करत होती. मला वाटलं होतं, चांगली माणसं बाहेर राहिली तर आत कोण उरेल, असं म्हणेल. आत जाणारा प्रत्येक जण तेच म्हणतो. ती वेगळंच बोलली. "दुसरं दुकान नसेल तर दुसरा टंच मीच काढायचा. नाव पुढे पाठवताना मी चुकीची असण्याची शक्यता किती, तेही त्याच कागदावर लिहायचं."

"साहेबाने ती ओळ खोडली तर?"

"परत लिहीन. फायलीवर मतभेद नोंदवीन."

"आणि पुन्हा खोडली तर? बाहेर बोलशील तर 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा आहे."

"मग राजीनामा."

"तो देता येईल अशी राहा," मी म्हणाले. तयारी म्हणजे गेट आणि धावणं एवढंच नाही, असं माझं ठाम मत आहे. कुठल्या कामाला नाही म्हणायचं, ते आत जाण्याआधी ठरलेलं असावं. आत गेल्यावर विचारायला कुणी नसतं, नवऱ्यालाही नाही. डोक्यावर मोठं कर्ज नसावं. पोट भरेल असं दुसरं कसब हाताशी असावं.

"आत्या, मग तुझ्याच कसोटीवर लष्कर मागे पडतं. कमिशन घेतलं की मनात आलं म्हणून बाहेर पडता येत नाही, हुकूम मोडला तर कोर्ट मार्शल. आयबीची नोकरी तरी नागरी आहे."

मुद्दा तिचा बरोबर होता. मी आजही तिला लष्करातच पाहू इच्छिते. पण कायद्याचा आधार आहे म्हणून तिथे जा, हे कारण आता पुरत नाही. उरतं ते एवढंच की तिचं शास्त्र आपल्याच शेजाऱ्यांवर चालू नये, असं मला वाटतं. तिला ते पटलेलं नाही. तिच्या मते शेजाऱ्यांना वाचवायचं तर त्यांच्यात काय शिजतंय ते कुणीतरी ऐकलंच पाहिजे, आणि ते ऐकणाऱ्याला स्वतःच्या कानाचा संशय हवा.

दोन्ही अर्ज भरायचं तिने ठरवलं आहे. 2023 चा निकाल मागितलाय माझ्याकडे; पुरावा का नाकारला ते ज्या पानांवर आहे, ती आधी पाठव म्हणाली.