पानं मांडायची वेळ

नानांनी तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. नऊ-दहाची गाडी नऊ-दहालाच फलाटावरून हलली पाहिजे, यात त्यांचा जीव गुंतलेला असे. निवृत्तीनंतरही कोल्हापूरच्या घरात दुपारचं जेवण साडेबाराला म्हणजे साडेबारालाच. स्पेनला निघताना त्यांनी आठ दिवसांचं वेळापत्रक रेघा मारून वहीत उतरवलं आणि सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा परदेशी निघालेल्या माईंना वाचून दाखवलं.

लेक माद्रिदला नोकरीत. तिला शेवटचे दोन दिवसच रजा मिळणार होती. पहिले सहा दिवस दोघांनीच फिरायचं होतं, म्हणून तिनं फोनवर जमेल तेवढं सांगितलं. "नाना, दुकानात, खानावळीत, कुठंही पाऊल टाकलंत की आधी 'बुएनोस दीआस' म्हणा. जेवणाच्या वेळेनंतर 'बुएनास तार्देस'. मगच काय हवं ते मागा. दोनच्या आधी जेवायला जाऊ नका, बहुधा काही मिळणार नाही. आणि माईसाठी 'सिन कार्ने', बिनमांसाचं, एवढ्यानं भागत नाही. हामोन म्हणजे डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस, आणि आतून म्हणजे ट्यूना मासा. या दोन्हींना पुष्कळ जण 'मांसा'त धरतच नाहीत. 'नी हामोन, नी आतून' असं वेगळं सांगा."

नानांनी शेवटचं वाक्य लिहून घेतलं. बाकीचं त्यांना एवढं महत्त्वाचं वाटलं नाही.

सेव्हिलमधले पहिले दोन दिवस भुकेत गेले. साडेबाराला खानावळीच्या दारात उभं राहावं, तर खुर्च्या मांडलेल्या पण चूल पेटलेली नाही. वहीतलं पुढचं ठिकाण गाठावं आणि पाचला परत यावं, तर स्वयंपाकघर बंद; उघडणार साडेआठला. पहिल्या रात्री दोघांनी खोलीवर घरचे लाडू खाल्ले. दुसऱ्या संध्याकाळी मात्र एका खानावळीत माईंपुढं पालक आणि हरभऱ्याची वाटी आली. सेव्हिलचा हा जुना पदार्थ. वाटीतून जिऱ्याचा वास आला तशी माईंचा चेहरा उजळला. "अहो, हे आपलंच की!"

जेवण संपलं. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, बिल येईना. वाढपी दोनदा शेजारून गेला, हसला, पण बिलाचं नाव नाही. शेवटी नाना नोटा हातात घेऊन तणतणत गल्ल्यावर गेले. वाढप्याला काही कळेना. आपल्या हातून काय चुकलं, अशा नजरेनं तो पाहत राहिला.

रात्री लेकीचा फोन आला. नानांनी तक्रार मांडली.

"नाना, तुम्ही मागितलं का बिल?"

"मागायला कशाला हवं? जेवण झालेलं दिसत नाही?"

"न मागता बिल पुढं ठेवणं म्हणजे 'आता उठा' म्हणणं. जेवल्यावर तिथंच गप्पा मारत बसायचं, याला इथं एक शब्दच आहे, सोब्रेमेसा. पाहुण्यानं हात धुतल्याबरोबर तुम्ही त्याला चपला दाखवता का?"

नाना गप्प झाले. जाता जाता तिनं घड्याळाचंही सांगितलं. स्पेन भूगोलानं इंग्लंडच्या रांगेत बसतो, पण १९४० साली फ्रँकोच्या राजवटीत देशाची घड्याळं तासभर पुढं नेली गेली आणि तशीच राहिली. उन्हाळ्यात त्यात आणखी एक तास मिळवतात. म्हणून मे महिन्यात इथला सूर्य रात्री नवाच्या पुढं मावळतो. नियंत्रकाचं मन, हे तेवढं त्यांनी नीट ऐकलं.

तिसऱ्या दिवशी कोर्दोबा. इसवी सन ७८५ मध्ये बांधायला घेतलेली, साडेआठशेहून अधिक खांबांची ती मशीद, जी पुढं कॅथेड्रल झाली, नानांनी चाळीस मिनिटांत उरकली. अकराला 'पातिओ', म्हणजे घरांचे आतले चौक. मे महिन्याचा पहिला पंधरवडा होता. या दिवसांत कोर्दोबातले लोक आपले चौक अनोळखी माणसांसाठी फुकट उघडतात. चौकांची स्पर्धा १९२१ मध्ये सुरू झालेली, आणि २०१२ मध्ये युनेस्कोनं हा उत्सव वारशाच्या यादीत घेतला. मला विचाराल तर मशिदीइतकंच मोठं काही या शहरात असेल, तर ते हेच. दगडी इमारत राखायला पगारी माणसं असतात. भिंतीवरच्या शेकडो कुंड्यांना रोज पाणी मात्र घरातलीच कुणी बाई घालते, बहुधा म्हातारी, लांब वेताच्या टोकाला बांधलेल्या पत्र्याच्या डब्यानं.

पहिल्या घरात नाना शिरले, फोटो काढला, बाहेर पडले. दुसऱ्यातही तसंच. दारातल्या खुर्चीवरून कुणीतरी "बुएनोस दीआस" म्हणालं, तेव्हा त्यांची पाठ वळलेली होती. १ वाजून ५० मिनिटांची ग्रानादाची गाडी होती आणि अजून चार चौक बाकी होते.

तिसऱ्या घरी माई उंबऱ्यातच थांबल्या. आत एक आजीबाई वेत उंचावून जिरेनियमला पाणी घालत होत्या. माईंनी हात जोडले आणि लेकीनं शिकवलेलं अडखळत म्हटलं, "बुएनोस दीआस."

आजीबाई वळल्या. त्यांनी वेत भिंतीला टेकवला, जवळ आल्या आणि माईंच्या दोन्ही गालांना गाल लावले. मग दोघींचं जे सुरू झालं ते दोन भाषांत. माई एकेका कुंडीकडं बोट दाखवत, आजीबाई नाव सांगत, माई कोल्हापुरातलं नाव सांगत. शेवटी आजीबाईंनी वेत माईंच्या हातात दिला. पहिला डबा माईंच्याच पदरावर सांडला, आणि दोघी हसल्या.

"अगं, गाडी," नाना म्हणाले, पण हळू. त्यांचं लक्ष विहिरीकडं गेलं होतं.

चौकाच्या मधोमध दगडी काठाची विहीर होती, वर कप्पी. भिंती चुन्याच्या, वर आभाळाचा चौकोन. नानांचं लहानपण अशाच वाड्यात गेलं होतं. त्यांच्या आजीकडं घड्याळ नव्हतं. ऊन भिंतीवरून उतरत विहिरीच्या काठाला टेकलं की ती स्वयंपाकघराकडं तोंड करून सांगायची, "पानं मांडा गं."

आजीबाईंनी दोन खुर्च्या ओढल्या आणि हातानं 'बसा' म्हणाल्या. नाना बसले. माणसं येत होती, आजीबाईंशी दारातच एक शब्द बोलून आत येत होती आणि जाताना पुन्हा बोलत होती. दहा मिनिटांपूर्वी असाच एक शब्द आपण कुणाच्या तरी दारात न घेता आलो, हे नानांना आठवलं. एक पन्नासची गाडी त्यांच्याशिवाय सुटली. दोनला चौकाचं दार बंद करताना आजीबाईंनी या दोघांना मात्र उठवलं नाही.

ऊन विहिरीच्या काठाला टेकलं. नानांनी आपली सावली पाहिली, ती सगळ्यात आखूड झाली होती. मनगटावर सव्वादोन. कोल्हापुरात सावली अशी होते ती साडेबाराच्या सुमाराला.

"माई," ते म्हणाले, "ही माणसं आपल्याच वेळेला जेवतात. आकडा तेवढा वेगळा."

आजीबाईंनी कोपऱ्यावरची खानावळ दाखवली. नानांनी दारातच "बुएनास तार्देस" म्हटलं. फळ्यावर 'मेनू देल दीआ' लिहिलेला होता: दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड, सगळं एका दरात. साल्मोरेखो आलं. टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्हचं तेल घोटून केलेलं ते थंडगार दाट सार. माईंच्या वाडग्यात वरचं हामोन आणि अंडं नव्हतं.

गाडीच्या तिकिटांचे पैसे पुन्हा भरावे लागणार होते. ग्रानादातल्या उद्याच्या अल्हाम्ब्रा राजवाड्याचं तसं नव्हतं. ती तिकिटं नावानिशी असतात आणि तिथल्या नासरी महालांत शिरण्याची वेळ ठरलेली असते. ती चुकली की आत सोडत नाहीत. नानांनी वही उघडून ते पान पुन्हा तपासलं आणि संध्याकाळची गाडी लिहून टाकली. वेळ पाळण्याची त्यांची सवय तिथं उपयोगी पडणारच होती.

ताटं उचलली गेली. बाजूच्या मेजावर एक कुटुंब तासाभरापूर्वी जेवून तसंच बसलेलं, आजोबांच्या मांडीवर नातवंड झोपलेलं. नानांनी खिशातून बडीशेपेची डबी काढली. घरी रोज जेवणानंतर ती फिरायची. स्पेनमध्ये आल्यापासून उघडलीच नव्हती.

"बिल मागू का?" माईंनी विचारलं.

"मागू. आधी वाढप्याला बडीशेप दे."

वाढप्यानं चिमूट तळहातावर घेतली, हुंगली, तोंडात टाकली. मग रिकामी खुर्ची ओढून तो त्यांच्या मेजाशी बसला.