कोळशाचे बिल आणि इतिहासाचे प्राध्यापक

1931च्या डिसेंबरात मिनियापोलिसला अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचे अधिवेशन भरले होते. अध्यक्ष कार्ल बेकर यांनी जमलेल्या प्राध्यापकांना गोष्ट सांगितली ती कोळशाच्या बिलाची. एका सामान्य माणसाला आठवते, की आज कोळशाचे पैसे चुकते करायचे आहेत. तो स्मिथकडे जातो. स्मिथ नोंदी चाळून सांगतो, की तुम्हाला हवा तो कोळसा माझ्याकडे नव्हता, म्हणून ऑर्डर ब्राऊनकडे पाठवली. माणूस ब्राऊनचे पैसे देतो आणि संध्याकाळी घरचे कागद उलथेपालथे केल्यावर त्याला ब्राऊनचे बिल सापडते. आठवण, नोंदीशी तिची पडताळणी, चुकीची दुरुस्ती. बेकर म्हणाले, इतिहासकारही हेच करतो. विद्वानांचे ग्रंथ कपाटात पडून राहिले, तर हा माणूस आपला इतिहास आपणच रचणार. तेव्हा त्याच्यापर्यंत जाणे आपल्याला भाग आहे.

हा विचार बेकरांच्या आधीपासून घडत होता. विद्यार्थिदशेत ते कोलंबिया विद्यापीठात जेम्स हार्वे रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकले होते. राजे आणि लढाया यांच्यापलीकडे जाऊन आजचे प्रश्न समजायला मदत करील तो इतिहास, असा आग्रह रॉबिन्सन यांनी 1912मध्ये ‘द न्यू हिस्टरी’त धरला. पुढे विद्वानांचे ज्ञान सामान्यांपर्यंत कसे न्यावे, यावरही त्यांनी पुस्तक लिहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात कोलंबियात होते आणि 1930 साली आपल्या थोर प्राध्यापकांची नावे घेताना त्यांनी ड्यूई, सेलिग्मन, शॉटवेल यांच्यासोबत रॉबिन्सन यांचेही नाव घेतले.

पण लोकांपर्यंत पोहोचणे एवढ्यानेच भागत नाही, याचा पुरावाही त्याच विद्यापीठात होता. तिथे विल्यम डनिंग शिकवत. अमेरिकेतल्या गृहयुद्धानंतरचा पुनर्रचनेचा काळ म्हणजे अंदाधुंदी, आणि गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार देणे ही घोडचूक, असे त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी मांडले. ते पाठ्यपुस्तकांत उतरले. 1915मध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या मूकपटाने तेच चित्र पडद्यावर नेले आणि वर्णद्वेषी कू क्लक्स क्लॅन संघटनेला नायक केले. त्याच्या पाट्यांवर वुड्रो विल्सन यांच्या ग्रंथातले उतारे होते. विल्सन तेव्हा राष्ट्राध्यक्ष असले, तरी ग्रंथ त्यांनी प्रिन्स्टनमध्ये प्राध्यापक असताना लिहिला होता. म्हणजे विद्यापीठातला इतिहास घरोघरी पोहोचला होता, आणि त्याने भयंकर नुकसान केले होते.

त्याच 1915 साली शिकागोत कार्टर वुडसन यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली. त्यांचे आईवडील गुलामीत जन्मलेले. स्वतः त्यांनी कोळशाच्या खाणीत काम केले आणि 1912मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. मला त्यांची पद्धत फार मोलाची वाटते. 1916पासून त्यांनी संशोधकांसाठी त्रैमासिक चालवले, 1926च्या फेब्रुवारीत शाळा, चर्च आणि वस्त्यांसाठी ‘नीग्रो हिस्टरी वीक’ सुरू केला, आणि त्या सप्ताहासाठी चित्रे, धडे, नाटुकली पुरवली. सप्ताहात सांगायचे ते त्रैमासिकात सिद्ध व्हायचे. इतिहासकार ड्यू बॉइस यांनी 1935मध्ये ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’च्या शेवटच्या प्रकरणात तर शाळेची पाठ्यपुस्तकेच तपासायला घेतली.

यापुढचे पाऊल मला इतिहासकार लॉरेल थॅचर अल्रिक यांच्या पुस्तकात दिसते. मेन राज्यातल्या हॅलोवेल गावची सुईण मार्था बॅलर्ड 1785 ते 1812 अशी सत्तावीस वर्षे रोजनिशी लिहीत होती. हवापाणी, सूतकताई, आलेगेले, कुणाच्या घरी बाळंतपण आणि त्याचे पैसे मिळाले की नाही. आधीच्या अभ्यासकांना या नोंदी क्षुल्लक वाटल्या होत्या. अल्रिक यांनी त्यांतून 816 बाळंतपणे, गावातली देणीघेणी आणि बायकांचे आपसातले अर्थकारण उभे केले. ‘अ मिडवाइफ्स टेल’ 1990मध्ये आले, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळाले. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी रोजनिशीतला मजकूर जसाच्या तसा आहे आणि त्यानंतर लेखिकेने लावलेला अर्थ. वाचकाला पटले नाही तर मागचे पान उलटून तो स्वतः पाहू शकतो. बेकरांच्या माणसाने जसे घरचे कागद पाहिले, तसेच.

लोकांनाही हेच हवे असते. रॉय रोझेनझ्वाइग आणि डेव्हिड थेलन यांनी सुमारे दीड हजार अमेरिकनांशी बोलून 1998मध्ये ‘द प्रेझेन्स ऑफ द पास्ट’ लिहिले. भूतकाळाबाबत सर्वांत जास्त विश्वास लोकांनी टाकला तो संग्रहालयांवर. आजीआजोबांच्या आठवणीही प्राध्यापकांच्या वरचढ ठरल्या. संग्रहालयात वस्तू समोर असते, आपले मत आपल्याला बनवता येते.

म्हणूनच वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये जे झाले, ते मला अजून खुपते. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या ‘एनोला गे’ विमानाचे प्रदर्शन युद्धसमाप्तीच्या पन्नाशीनिमित्त ठरले होते. बॉम्बच्या निर्णयाची कागदपत्रे, मृतांचे अंदाज, हिरोशिमाहून आणायचा एका शाळकरी मुलीचा जळालेला जेवणाचा डबा असे सगळे त्यात असणार होते. माजी सैनिकांच्या संघटना संतापल्या. मसुदा पुनःपुन्हा बदलला, आणि 1995च्या जानेवारीत ते प्रदर्शन रद्दच झाले. जूनमध्ये विमानाच्या धडाचा पुढचा भाग मांडला, निर्णयावरचा वाद बहुतांशी वगळून. सैनिकांचा राग खोटा नव्हता. तो बॉम्ब पडला म्हणून आपण जिवंत घरी आलो, अशी त्यांतल्या अनेकांची खात्री होती. त्यांची ती खात्री भिंतीवर लावायची, शेजारी कागदपत्रे लावायची, आणि त्या मुलीचा डबाही तिथेच ठेवायचा. येणारा माणूस तिन्ही पाहून काय ते ठरवू शकला असता. ती संधी त्याच्याकडून काढून घेतली गेली.