गडापासून माजघरापर्यंत

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात, ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 सालची. विषय विधवांची दैना. त्यानंतर चारच वर्षांनी हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली. तिच्यात संकटे होती, कारस्थाने होती, ताटातूट होती आणि शेवटी सगळ्यांची सुखरूप गाठभेट होती. पुढची काही वर्षे मराठीत अशाच अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे पीक आले. घरातली बोडकी बाई पुस्तकातही पुन्हा भेटावी, अशी हौस त्या काळच्या वाचकाला नव्हती, आणि त्यात त्याचे फारसे चुकले असे मला वाटत नाही.

टीकाकारांना मात्र ते चुकले असे वाटत आले. पलायनवाद हा शब्द मराठी समीक्षेत शिवीसारखाच वापरला गेला. वर्तमानात दुष्काळ, महागाई, जातिभेद असताना ही माणसे पालख्या-मेण्यांत आणि महिरपींत काय रमतात, हा सवाल रास्तच आहे. पण तो करणाऱ्यांनी वाचक कशापासून पळतो एवढेच पाहिले. पळून तो नेमका कुठल्या खोलीत जाऊन बसतो, हे फारसे कोणी पाहिले नाही. ती खोली गेल्या दीडशे वर्षांत बदलत गेली आहे, आणि तिच्यातला बदल मला पळण्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात गडावर झाली. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ 1871 मध्ये पुस्तकरूपाने आली. मराठीतली ही पहिली ऐतिहासिक कादंबरी. काळ शिवाजी महाराजांचा, पण गड कल्पित, प्रेमिकांची जोडीही कल्पित. हा बेत मुळात स्कॉटचा. सर वॉल्टर स्कॉटने 1814 मध्ये ‘वेव्हर्ली’ लिहिली तेव्हा तिच्या उपशीर्षकातच ही साठ वर्षांपूर्वीची गोष्ट असल्याचे सांगून टाकले होते. 1745 च्या बंडात राजपुत्र चार्ल्स खराखुरा, पण बंडात सापडलेला तरुण वेव्हर्ली स्कॉटच्या मनातला. खरा इतिहास पाठीमागे उभा राहणार आणि पुढे चालणारा, प्रेमात पडणारा, गोंधळणारा माणूस लेखकाचा असणार, अशी ती वाटणी होती. हंगेरीचा विचारवंत लुकाच याने 1930 च्या दशकात स्कॉटचे मोठेपण याच सामान्य नायकात शोधले. मला त्यात आणखी एक साधी सोय दिसते. प्रेम कल्पित माणसाने केले की इतिहासाला धक्का लागत नाही आणि प्रेमालाही आडकाठी राहत नाही.

हरिभाऊ आपट्यांनी ही वाटणी नीट ओळखली होती. ‘उषःकाल’चा नायक विजापूरच्या चाकरीतल्या एका किल्लेदाराचा मुलगा आहे, तो आपट्यांचा. शिवाजी महाराज कथेत आहेत, पण त्यांच्या अंतःपुरात आपटे डोकावत नाहीत. ज्या ‘करमणूक’ साप्ताहिकात 1890 पासून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः येत होती, त्यातच काही वर्षांनी ‘उषःकाल’ आली. म्हणजे यमूच्या वैधव्याची कहाणी आणि स्वराज्याची पहाट एकाच हाताने, एकाच वाचकासाठी लिहिली. त्या वाचकाला पलायनवादी म्हणायचे तर काही वर्षांपूर्वीच याच माणसाने यमूसाठी डोळे पुसले होते, त्याचे काय करायचे? शिवाय इंग्रजी अमलात स्वराज्य हा शब्द वर्तमानाबद्दल उच्चारणे अवघड होते, सतराव्या शतकाबद्दल सोपे होते. त्या काळात भूतकाळाकडे पळणे म्हणजे जरा आडबाजूला जाऊन बोलणे होते.

पण कुंपणही आपट्यांनीच ओलांडले. 1913 पासून लिहिलेल्या ‘वज्राघात’मध्ये विजयनगरचा रामराजा हा खरा ऐतिहासिक पुरुष आहे, आणि त्याच्या गळ्यात त्यांनी मेहरजान ही कल्पित प्रेयसी घातली. रामराजा तिला टाकतो. त्यांचा मुलगा रणमस्तखान मोठा होतो आणि 1565 च्या लढाईत बापाचे साम्राज्य बुडवायला कारण होतो. मराठीतल्या थोर शोकांतिकांत मी हिची गणना करतो. पण ती वाचून उठलेल्या माणसाला विजयनगर का बुडाले असे विचारा. दख्खनच्या सुलतानांची एकजूट, रामराजाने वर्षानुवर्षे त्यांना आपसांत झुंजवण्याचा खेळलेला डाव, फौजांची रचना, यांतले काही त्याला आठवणार नाही. एका बाईचा विश्वासघात झाला म्हणून राज्य बुडाले, हे आठवेल. प्रेमकथा इतिहासात शिरली की पहिली गोष्ट हीच करते. ती राज्यांची कारणे काढून घेते आणि त्या जागी काळजाची कारणे ठेवते. अशी कारणे वाचायला सुखाची असतात. दारूगोळ्याचा आणि थकलेल्या पगारांचा हिशेब कोणाला हवा असतो?

साहेबाच्या देशातही हेच चालले होते, जास्त सफाईने. जॉर्जेट हेयर या लेखिकेने 1935 च्या ‘रीजन्सी बक’पासून इंग्लंडच्या रीजन्सी काळाचे, म्हणजे 1811 ते 1820 चे, एक खासगी राज्यच वसवले. घोडागाड्यांचे प्रकार, गळपट्ट्याच्या गाठी, नाचाच्या रात्रीचे शिष्टाचार हे सगळे ती टिपणवह्यांत नोंदवून ठेवत असे. बारकाव्यांत तिला पकडणे कठीण. तरीही तिच्या दिवाणखान्यांत ऐश्वर्य येते कुठून, याचा हिशेब क्वचितच सापडतो. वॉटर्लूच्या धामधुमीवर तिने एक अख्खी कादंबरी लिहिली, वेलिंग्टन तिच्यात हिंडतो-फिरतो. हाच आर्थर वेलस्ली 23 सप्टेंबर 1803 रोजी असईला, आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा होता. लंडनच्या ज्या दशकात या नायिका पंखा हलवत नायकाची वाट पाहतात, त्याच दशकात, 17 नोव्हेंबर 1817 ला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. आपली मुले-मुली आज ‘ब्रिजर्टन’ ही मालिका हौसेने पाहतात, तिचाही काळ तोच. तिच्या दुसऱ्या पर्वात हिंदुस्थानातून आलेल्या एका मुलीला मराठी आणि हिंदुस्तानी येते, असे कौतुकाने सांगितले जाते. त्या मुलीच्या मराठी मुलखात तेव्हा काय घडत होते, याची सावलीसुद्धा त्या झुंबरांखाली पडत नाही. अर्थात मालिका मीही पाहिली, एका बैठकीत तीन-तीन भाग.

आपल्याकडचे मोठे वळण 1962 चे. रणजित देसाईंची ‘स्वामी’. कल्पित नायक येथे गळून पडला. खरा पेशवा, खरी पेशवीणबाई, आणि कथेचा गाभा म्हणजे त्या दोघांचे नाते. पानिपतानंतर मोडलेले राज्य सावरणारा थोरला माधवराव इतिहासात होताच. देसाईंनी त्याला दमलेला, क्षयाने झिजणारा, बायकोशी दोन शब्द बोलायला सवड न मिळणारा नवरा केले. पुस्तक अफाट खपले, 1964 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुढे दूरदर्शनवर मालिका झाली आणि रवींद्र मंकणी व मृणाल देव हेच अनेक घरांत माधवराव-रमाबाई होऊन बसले.

हे यश कशाचे? भाषेचे आहे, संवादांच्या संयमाचे आहे, यात शंका नाही. पण मला वाटते, त्या पिढीला जे हवे होते ते नेमके त्यात होते. साठच्या सुमाराचा मराठी मध्यमवर्ग एकत्र कुटुंबातून दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात येत होता. नवरा-बायकोने एकमेकांचे मित्र असावे ही कल्पना नवी होती, गोड होती आणि अंगवळणी पडली नव्हती. प्रेमविवाहाची गोष्ट वाचायची तर घरात भुवया उंचावत. इथे मात्र प्रेम होते, तेही लग्नाच्या आत, तेही पेशव्याचे, आणि वर इतिहास म्हणून वाचण्याची मुभा. सासूने हातात पुस्तक पाहिले तरी काही बोलता येत नसे. निव्वळ योगायोग म्हणा, पण 12 जुलै 1961 ला पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतले कितीतरी जुने वाडे त्या पाण्याने बसले. पुढच्याच वर्षी हा कागदावरचा वाडा उभा राहिला.

वाचक आता गडावरून उतरून माजघरात आला होता. तिथे ऊब होती, पण तिथून इतिहास दिसत नव्हता. माधवराव 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला वारले, वय अवघे सत्तावीस. रमाबाई सती गेल्या. कादंबरीत तो प्रेमाचा कळस आहे, आणि मी स्वतः तो वाचताना गहिवरलो आहे. पण पदमनजी आणि आपटे ज्या दुःखावर लिहीत होते, त्याच दुःखाचे हे दुसरे टोक नव्हे का? मूल नसलेली, विशीतली विधवा. तिच्यापुढे वाटा किती होत्या? यमूची कहाणी वाचून ज्या समाजाने मान खाली घातली, त्याचेच नातू-पणतू रमाबाईंच्या चितेपाशी हात जोडून उभे राहिले. ‘स्वामी’बद्दल माझी खरी तक्रार इथे आहे. भूतकाळात जाण्याबद्दल तक्रार नाही. तिथे गेल्यावर त्या बाईला काय वाटले असेल, हे विचारण्याआधीच उत्तर तयार असते याबद्दल आहे.

ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ने 1972 मध्ये दुसरे दार उघडले. लग्नाच्या आतले प्रेम झाले होते, आता घराने नाकारलेले, बाजीराव-मस्तानीचे. मस्तानीविषयी अस्सल कागद थोडेच. ती पोकळी कादंबरीकाराला पर्वणीच. तिच्या बाजूने उभे राहण्यात इनामदारांचे धाडस होते, हे मान्य करायलाच हवे, कारण तोवर शिष्ट पुण्याच्या आठवणीत ती केवळ एक प्रमाद होती. इथे पळवाट न्यायाच्या बाजूने गेली. अशा वेळी पलायनवादाचा शिक्का किती तोकडा पडतो ते पाहा.

त्याच 1972 मध्ये अमेरिकेत कॅथलीन वुडिविसची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ निघाली आणि स्वस्त, जाडजूड ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांचा तिथला पूर सुरू झाला. त्या वाचणाऱ्या बायकांना टीकाकार हसत होते, तेव्हा जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने त्यांनाच जाऊन विचारले. तिचे पुस्तक 1984 मध्ये आले. बायकांनी पळतो हे सरळ कबूल केले. घरच्यांच्या मागण्यांतून काढलेला एक तास, हातात पुस्तक असले की कोणी हाक मारत नाही, हे त्यांचे सुख. गंमत अशी की त्या आणखी एक कारण देत: या पुस्तकांतून इतिहास-भूगोल कळतो. हुबेहूब आपलीच सबब. दुपारची आवराआवर करून वाचनालयाचे पुस्तक उघडणारी आपल्याकडची गृहिणी हेच सांगत होती.

इतिहास कळतो, या सबबीनेच पुढे घोटाळा केला. स्कॉटचा वाचक वेव्हर्ली कल्पित आहे हे जाणून परतत असे. ‘स्वामी’चा वाचक परतताना संवाद बरोबर घेऊन आला. माधवराव रमाबाईंना काय म्हणाले, हे आता व्याख्यानांत साक्षीपुराव्यासारखे सांगितले जाते. नरहर कुरुंदकरांनी ‘श्रीमान योगी’साठी देसाईंना जे दीर्घ पत्र लिहिले, तेच त्या कादंबरीची प्रस्तावना झाले. ते पुराव्यांचे आणि प्रश्नांचे पत्र आहे. ती प्रस्तावना ओलांडून थेट पहिल्या प्रकरणाशी गेलेले वाचक मला पुष्कळ भेटले, प्रस्तावना वाचून कादंबरीबद्दल प्रश्न विचारणारे मोजके.

पाहिलेली प्रतिमा हाच इतिहास ठरला की तिला कोणी हात लावला तर राग येतो. 2015 च्या ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटात बाजीरावाची पत्नी काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या, तेव्हा गदारोळ झाला. 2025 मध्ये ‘छावा’ चित्रपटातल्या लेझीमच्या दृश्यावर आक्षेप आला आणि ते काढले गेले. नाच झाला नव्हता, हे आक्षेपकांचे म्हणणे बरोबरच असेल. पण त्याच दोन कथांमध्ये शयनगृहातले जे शब्द आहेत, तेही कोणी ऐकून लिहून ठेवलेले नाहीत. त्यांना आक्षेप नाही, कारण ते आपल्याला आवडले आहेत.

म्हणून लेखकांना माझी विनंती आहे. पेशवे दफ्तरातले निवडक कागद सरदेसायांनी 1930 नंतर 45 खंडांत छापले, आणि त्याहून कितीतरी पटींनी मोडी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले आहेत. त्यांत विकत घेतलेल्या कुणबिणी आहेत, पाट लावणाऱ्या विधवा आहेत आणि त्या पाटावर सरकारने घेतलेले पाटदामही आहे. नवऱ्यामागे पुन्हा घर मांडणाऱ्या आणि त्यासाठी कर भरणाऱ्या बाईची प्रेमकथा कोणत्या सरदाराच्या प्रेमकथेपेक्षा कमी आहे? तिचे नाव कुणाला ठाऊक नाही, तिचे वंशज मोर्चा काढणार नाहीत, आणि तिचे संवाद खरे होते असा दावाही कोणी करणार नाही. पुढची कादंबरी तिच्यावर लिहा.