वजनकाट्याचा ड्रायव्हर

एक शिकाऊ होता. वजनकाट्यांसाठी लिनक्सचे ड्रायव्हर लिहिणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली तो काम शिकत होता.

एका कारखान्याच्या फाटकावर मोठा काटा होता. काट्यावर ट्रक चढला की वजन वाचणाऱ्या प्रोग्रॅमला कळवायचे, एवढेच ड्रायव्हरचे काम. चालत्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात आणि प्रत्येक प्रोसेसला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एक नंबर देतो. वजन वाचणारी प्रोसेस सुरू झाली की काट्याची फाइल उघडून ड्रायव्हरपाशी नाव नोंदवी. शिकाऊने तिचा नंबर यादीत लिहून ठेवला. ट्रक आला की यादीतल्या प्रत्येक नंबराला सिग्नल जाई.

म्हाताऱ्याने विचारले, "प्रोसेस संपली की तिचा नंबर यादीतून कोण काढतो?"

"कोणी नाही, काका. पण गेलेल्याला हाक मारली तर बिघडते काय? ऐकायला कोणी नसतेच."

म्हातारा काही बोलला नाही. सांगून शिकलेले टिकत नाही, असे त्याचे मत होते. मतात तथ्य असेल, पण त्याचा भुर्दंड दुसऱ्यांना पडतो.

काही आठवड्यांनी हिशेबनीस तक्रार घेऊन आला. "फाटकावरच्या यंत्रावर पगाराचा हिशेब मधेच बंद पडतो. रोज नाही, कधीतरी."

शिकाऊ त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. हिशेब निम्म्यावर आला. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला, चाके काट्यावर चढली, आणि पडद्यावर 'आय/ओ पॉसिबल' एवढेच उमटून प्रोग्रॅम संपला.

शिकाऊने पगाराच्या प्रोसेसचा नंबर पाहिला. तो त्याच्या यादीत होता.

नंबर काही अमर्याद नसतात. लिनक्समध्ये जुनी ठरलेली मर्यादा 32768 ची. तिथवर पोचले की कर्नल पुन्हा 300 पासून रिकामे नंबर शोधून वाटू लागतो. वजनाची जुनी प्रोसेस केव्हाच संपली होती आणि तिचा नंबर फिरून पगाराला मिळाला होता. ड्रायव्हर पाठवत होता तो सिगआयओ सिग्नल. ज्या प्रोसेसने त्याची तयारी ठेवलेली नसते, ती तो आला की मरते.

शिकाऊ खजील झाला. त्याने ठरवले, नंबरावर विश्वास ठेवायचाच नाही. कर्नल प्रत्येक प्रोसेसची सगळी माहिती टास्क स्ट्रक्ट नावाच्या नोंदीत ठेवतो. ती नोंद किती जणांनी धरली आहे याची मोजणी असते, आणि मोजणी शून्यावर येईपर्यंत नोंद मोडीत निघत नाही. शिकाऊने ती अख्खी नोंदच धरून ठेवली. आता गेलेल्या प्रोसेसचा सिग्नल दुसऱ्या कोणाला जाणे शक्य नव्हते. पगार वेळेवर झाले.

पण फाटकावरचे यंत्र लहान होते, मेमरी 64 मेगाबाइट. प्रत्येक ट्रकला वजनाची नवी प्रोसेस सुरू होई, नाव नोंदवी, वजन वाची आणि संपे. संपली तरी तिची नोंद शिकाऊच्या मुठीत राही. त्या वेळच्या कर्नलमध्ये अशी एक नोंद तिच्या स्टॅकसकट सुमारे 10 किलोबाइट जागा खाई. तीन हजार ट्रक गेले तेव्हा तीस मेगाबाइट जागा मेलेल्यांनी अडवली होती. एके सकाळी यंत्राने नवी प्रोसेस सुरू करायला नकार दिला. फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागली.

आता म्हाताऱ्याने कर्नलच्या सोर्समधली पिड.एच ही फाइल उघडली आणि एका कॉमेंटवर बोट ठेवले. शिकाऊने वाचले. नंबर जपला तर तो दुसऱ्याचा होऊ शकतो, आणि टास्क स्ट्रक्ट जपले तर निकामी नोंद जागा अडवते. दोन्ही चुका करायच्या आधीच तिथे लिहून ठेवलेल्या होत्या. उपायही तिथेच होता, स्ट्रक्ट पिड. ही जेमतेम 64 बाइटची चिठ्ठी. कर्नलमध्ये ती 2006 साली आली. प्रोसेस जिवंत असेल तर चिठ्ठी तिच्यापाशी नेते. संपली असेल तर "कोणी नाही" म्हणते, आणि दुसऱ्या कोणाकडे कधीच बोट दाखवत नाही. (साध्या प्रोग्रॅमांच्या हाती अशी सोय पिडएफडीच्या रूपाने 2019 मध्ये आली. तोवर ते नंबरावरच भागवत होते आणि चुकत होते.)

"काका, हे आधी का नाही सांगितलेत?"

"वाचलेस का नाहीस?" म्हातारा म्हणाला. "आणि एक. चिठ्ठी लहान असली म्हणून ठेवून देऊ नकोस. काट्याची फाइल बंद झाली की सोड."

शिकाऊने चिठ्ठी धरली. फाइल बंद होताना ती सोडली. शिवाय यादी भरलेली असली, नोंदणी फसली, तर त्या वाटेवरही सोडली. रांगेची भीती अजून मनातून गेली नव्हती.

यंत्र दोन दिवस चालले आणि कोसळले. चालू केले, पुन्हा कोसळले, दर वेळी नव्या ठिकाणी. कधी डिस्कच्या कोडमध्ये, कधी नेटवर्कच्या. शिकाऊने काट्याचा कोड चार वेळा वाचला. त्याला काहीच सापडले नाही.

म्हाताऱ्याने कोड कागदावर छापून घेतला आणि त्याच्या हाती पेन्सिल दिली. "जिथे धरलेस तिथून जिथे सोडलेस तिथवर रेघ ओढ. प्रत्येक वाटेसाठी वेगळी."

पहिल्या वाटेवर एक धरणे, एक सोडणे. दुसऱ्या वाटेवरही तेच. तिसरी वाट फसलेल्या नोंदणीची. तिथे एका धरण्यापासून दोन रेघा निघाल्या. एकदा नोंदणी फसताच सोडले होते, आणि नंतर फाइल बंद होताना पुन्हा.

प्रोसेस जिवंत होती. चिठ्ठीचीही तशीच मोजणी असते, आणि त्यात प्रोसेसचे स्वतःचे एक धरणे होते. शिकाऊने आपले सोडले आणि मग तिचेही सोडले. मोजणी शून्य झाली, चिठ्ठी मोडीत निघाली, आणि ती जागा कर्नलने भलत्याच कामाला दिली. पुढे प्रोसेस आपली चिठ्ठी म्हणून जे वाचू लागली ते दुसऱ्याचे होते. (2017 पासून कर्नलमध्ये रेफकाउंट_टी नावाची सावध मोजणी आहे. शून्याखाली जाऊ लागली की ती इशारा देते. या शिकाऊच्या वेळी ती नव्हती.)

"आधी सोडलेच नाही म्हणून बुडालो," शिकाऊ म्हणाला, "आता जास्त सोडले म्हणून."

"लागेल तेवढेच धरावे," म्हातारा म्हणाला, "आणि जितक्यांदा धरले तितक्यांदाच सोडावे."

शिकाऊने फसलेल्या वाटेवरची सोडण्याची ओळ खोडली, कोड पुन्हा बांधला आणि मुद्दाम यादी भरून नोंदणी शंभर वेळा फसवून पाहिली.