आधी उतार, मग चढ

डोंगर चढणे म्हणजे रिकरिंग डिपॉझिट. आधी घाम भरायचा, मग शिखरावरचा वारा व्याजासकट पदरात! पण काही वाटांचा हिशेब उलटा असतो. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातलं क्रेटर लेकच घ्या. सुमारे 7,700 वर्षांपूर्वी ज्वालामुखीचं डोकं खचलं आणि त्या खड्ड्यात पावसाचं नि बर्फाचं पाणी साठलं. खोली 592 मीटर! 2019 साली मेव्हण्याबरोबर मी क्लीटवुड कोव्हच्या वाटेने तिथे उतरलो. अंतर जेमतेम पावणेदोन किलोमीटर, उतार मात्र दोनशे मीटरच्या वर. म्हणजे सरळ कर्जच की हो! सुख आत्ता, हप्ते परतीला, तारण गुडघे.

"भाऊजी, हे सगळं परत चढायचंय हं," मेव्हण्याने बजावलं.

आधी कष्ट, मग सुख, उधारीचं सुख म्हणजे पाप, हे आपल्याला लहानपणापासून पाठ. माझे वडील जन्मभर नुसतं भरतच राहिले. मुदत संपली तेव्हा गुडघे मोडीत निघाले होते. त्या बर्फगार पाण्यात पाय सोडून बसलो तेव्हा वाटलं, पाप उधारीत नाही, बुडवण्यात आहे. फेडायची दानत असेल, तर थोडं सुख आगाऊ उचलायला काय हरकत आहे?

आणि डोंगराकडे बुडवायची सोय नसते. तिथे वसुली पावलागणिक, कर्जमाफी नाही!